ॲनालॉग स्कॅनरवरून डीएमआर: ओळख पटते, पण आवाज का येत नाही?

लहरवेध यांची विचारणा

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे हातात धरण्याचा एक जुना ॲनालॉग रेडिओ स्कॅनर आहे. त्याच्या हेडफोन जॅकमधून घेतलेली वायर मी लॅपटॉपच्या माइक इनपुटला जोडली असून लॅपटॉपवर डीएसडी हे डिजिटल आवाज उलगडणारे सॉफ्टवेअर चालवत आहे. ज्या सिग्नलवर प्रयोग चालू आहेत तो हौशी रेडिओच्या 70 सेंटिमीटर पट्ट्यातला डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारे केंद्र, आहे आणि त्यावर कोणतेही गुप्तीकरण नाही.

अडचण अशी आहे की सॉफ्टवेअरला सिग्नलची ओळख पटते, पण ती टिकत नाही. पडद्यावर डीएमआर हे नाव उमटते, क्षणात नाहीसे होते आणि पुन्हा उमटते. आवाज आलाच तर शब्दाचा एखादा तुकडा येतो, तोही घोगरा आणि फाटका. स्कॅनरचा आवाज कमी-जास्त केला की थोडा फरक पडतो, पण त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. सिग्नल दुबळा असल्याची शंका मला वाटत नाही, कारण जवळच्याच वारंवारतेवरचा साधा एफएम रिपीटर त्याच अँटेनावर स्वच्छ ऐकू येतो. शिवाय डीएमआरचे नमुन्यादाखल मिळालेले एक ध्वनिमुद्रण याच सॉफ्टवेअरला दिले, तेव्हा त्यातले संभाषण सुरळीत ऐकू आले.

सॉफ्टवेअरमधले जवळजवळ सगळे पर्याय बदलून पाहिले आहेत. स्कॅनर उघडून आतून जोडणी घ्यावी लागते असे वाचनात आले. ते खरोखरच आवश्यक आहे का, की काही साध्या बदलाने काम भागेल? ते टाळायचे असल्यास एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचे, सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ ग्रहणयंत्र) घेणे श्रेयस्कर ठरेल का?


डेसिबल यांचे उत्तर

नमुना ध्वनिमुद्रण नीट चालले ही माहिती आपण आवर्जून दिलीत हे बरे झाले, कारण त्यामुळे सॉफ्टवेअर संशयातून सुटले. आता प्रश्न उरतो तो सॉफ्टवेअरच्या हाती काय पोहोचते एवढाच, आणि हेडफोन जॅकवरून पोहोचतो तो मानवी कानासाठी घडवलेला आवाज.

एफएम प्रेषणात वरच्या वारंवारता प्रेषकाकडे मुद्दाम उचलल्या जातात आणि ग्रहणयंत्रात दर सप्तकाला 6 डेसिबल या उताराने पुन्हा खाली आणल्या जातात. यालाच डी-एम्फसिस म्हणतात. त्यापुढे बहुतेक स्कॅनरमध्ये सुमारे 300 हर्ट्झच्या खालचा भागही कापला जातो, कारण तिथे सबटोन (बोलण्यासोबत पाठवले जाणारे खालच्या वारंवारतेचे संकेत-सूर) असतात आणि ते कानाला नको असतात. बोलणे ऐकण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे; डीएमआरच्या बाबतीत मात्र तीच सगळा घात करते.

डीएमआरमध्ये सेकंदाला 4800 सिंबल प्रसारित होतात आणि प्रत्येक सिंबल 2 बिट वाहून नेतो. सिंबल म्हणजे वाहक वारंवारतेचे चारपैकी एक विचलन: मध्यापासून 648 हर्ट्झ किंवा 1944 हर्ट्झ, वरच्या बाजूला किंवा खालच्या बाजूला. स्कॅनरमधला डिस्क्रिमिनेटर हा भाग वारंवारतेचे रूपांतर व्होल्टेजमध्ये करतो, त्यामुळे नेमक्या त्या ठिकाणी तरंग पाहिला तर त्यात चार वेगवेगळ्या पातळ्या दिसतात, आणि सॉफ्टवेअरचे काम दर 0.2 मिलिसेकंदाला त्यांतली कोणती पातळी आहे हे ठरवण्याचे असते. डी-एम्फसिसमुळे एका सिंबलची पातळी पुढच्या सिंबलमध्ये मिसळते आणि खालच्या वारंवारता कापल्यामुळे मधली रेषा जागेवर राहत नाही, ती वर-खाली भटकते. हे दोन्ही परिणाम झाल्यावर चार पातळ्यांचा गाळ होतो.

तरीही नाव का उमटते, हे यावरूनच कळते. डीएमआरचा सिंक शब्द, म्हणजे जुळवणीसाठी पाठवला जाणारा ठरावीक बिटक्रम, 48 बिटांचा, म्हणजे 24 सिंबलांचा असतो आणि ते सगळे सिंबल बाहेरच्या दोन पातळ्यांचेच असतात. तेवढा ओळखायला सॉफ्टवेअरला फक्त वर आणि खाली यांतला फरक समजला तरी पुरतो. आवाजाच्या बिटांना मात्र आतल्या पातळ्याही लागतात. त्या बाहेरच्या पातळ्यांपासून वेगळ्या काढता आल्या नाहीत की आवाजाची जागा गुरगुराट घेतो. आपण वर्णन केलेली लक्षणे तंतोतंत हीच आहेत, त्यामुळे डीएसडीच्या पर्यायांत आणखी वेळ घालवू नये असे मला वाटते.

खात्री करायची असेल तर हाच आवाज ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअरमध्ये 48000 हर्ट्झ दराने मुद्रित करावा आणि तरंग इतका मोठा करून पाहावा की एकेक नमुना ठिपक्यासारखा दिसेल. या दराने एका सिंबलच्या वाट्याला बरोबर 10 नमुने येतात. आपल्या नमुना फाइलमध्ये शिखरे आणि दऱ्या ठरावीक चार उंचींवर थांबताना दिसतील, आणि हेडफोन जॅकवरच्या मुद्रणात त्या कुठेही थांबताना दिसतील. दोन्ही तरंग शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मग कोणाच्या सल्ल्याची गरज उरणार नाही.


जुनाखटाटोप यांचे उत्तर

डेसिबल यांच्या निदानाशी मी सहमत आहे. स्कॅनर उघडण्याची जी धास्ती आपल्याला वाटते तिच्याबद्दल थोडे लिहितो, कारण काम नाजूक असले तरी अवघड नाही.

जुन्या स्कॅनरमध्ये मध्यम वारंवारतेचा शेवटचा टप्पा आणि डिस्क्रिमिनेटर हे दोन्ही बहुधा एकाच 16 पायांच्या आयसीत असतात. एमसी3361 आणि टीए31136 या दोन आयसी वारंवार आढळतात आणि दोन्हींमध्ये डिमॉड्युलेट झालेला सिग्नल 9 क्रमांकाच्या पायावर मिळतो. आपल्या यंत्रात वेगळी आयसी असेल तर तिच्या माहितीपत्रकात ध्वनी-निर्गम कोणत्या पायावर आहे ते पाहावे. अंदाजाने सोल्डरिंग आयर्न टेकवू नये. त्या पायापासून 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्यापुढे एक कपॅसिटर जोडून वायर बाहेर काढावी. रेझिस्टर असल्याने बाहेर वायर चुकून शॉर्ट झाली तरी स्कॅनरच्या आतल्या मंडलावर भार पडत नाही. कपॅसिटरचे कारण असे की लॅपटॉपच्या माइक जॅकवर माइकसाठी काही व्होल्ट दिलेले असतात आणि ते स्कॅनरमध्ये शिरू देता कामा नयेत.

कपॅसिटरच्या मूल्याकडे अनेकजण दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. हाताशी असलेला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि मंडलातला एकूण रोध 20 किलोओहम धरला, तर खालची सीमा सुमारे 80 हर्ट्झवर येते. आवाजासाठी ही सीमा खाली वाटेल. पण याच आकड्यांचा काल-स्थिरांक 2 मिलिसेकंद होतो, म्हणजे जेमतेम दहा सिंबलांइतका. एकाच बाजूचे सिंबल ओळीने आले की तेवढ्या अवधीत पातळी मूळ उंचीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास घसरते, आणि बाहेरची पातळी आतली म्हणून वाचली जाते. त्याच जागी 10 मायक्रोफॅरड लावल्यास सीमा 1 हर्ट्झच्याही खाली जाते आणि हा प्रश्न मिटतो.

हा सिग्नल व्हॉल्यूम आणि स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) या दोन्हींच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे त्या बटणांचा त्यावर परिणाम होत नाही. पातळी लॅपटॉपच्या बाजूनेच जुळवावी. लॅपटॉपच्या ध्वनी-सेटिंगमध्ये आवाज सुधारणे, गोंगाट घटवणे, प्रतिध्वनी काढणे आणि पातळी आपोआप सांभाळणे या नावांखाली जे काही चालू असेल ते सगळे बंद करावे. डिजिटल सिग्नल गोंगाटासारखाच ऐकू येत असल्यामुळे गोंगाट घटवणारी सोय तो इमानदारीने पुसून टाकते. लाइन-इन असलेले स्वतंत्र यूएसबी साउंड कार्ड मिळाल्यास अधिक चांगले.


मोकळेवारे यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे अचूक आहेत, तरी चालू स्थितीतला स्कॅनर उघडण्याऐवजी एसडीआर डोंगल घ्यावे असेच माझे मत आहे. आरटीएल2832यू आणि आर820टी या चिपांवर चालणारे डोंगल मुळात दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनले होते. त्यांच्यातून कच्चे नमुने थेट काढता येतात हे 2012 च्या सुमारास सर्वत्र माहीत झाले आणि तेव्हापासून या छंदाचे चित्रच पालटले. सुमारे 24 ते 1766 मेगाहर्ट्झ एवढा पल्ला आणि एका वेळी साधारण 2.4 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा त्यातून हाती लागतो. डिमॉड्युलेशन सॉफ्टवेअरमध्येच होत असल्याने कपॅसिटर, रेझिस्टर आणि सोल्डरिंग यांचा प्रश्नच येत नाही.

मात्र हीच चूक सॉफ्टवेअरमध्येही करता येते, हे लक्षात असू द्यावे. एसडीआरशार्प या डोंगल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्टर ऑडिओ’ हा पर्याय चालू राहिला तर तेथेही कानासाठीच आवाज घडवला जातो आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येता. तो बंद ठेवावा, डी-एम्फसिस असल्यास तेही बंद करावे, अरुंद एफएम निवडून बँडविड्थ 12.5 किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी, स्क्वेल्च उघडा ठेवावा आणि तो आवाज व्हीबी-केबलसारख्या आभासी केबलमधून डिकोडरकडे न्यावा. आभासी केबलचा नमुना-दर दोन्ही टोकांना 48000 हर्ट्झच असल्याची खात्री करावी.

डोंगलचा खरा दोष त्याच्या क्रिस्टलमध्ये असतो. साध्या डोंगलची वारंवारता 50 पीपीएमनेही (दशलक्षात 50 भागांनी) सरकलेली असू शकते, आणि 435 मेगाहर्ट्झवर 50 पीपीएम म्हणजे जवळजवळ 22 किलोहर्ट्झ. पडद्यावर रिपीटर जिथे असायला हवा तिथे दिसणार नाही आणि जिथे दिसेल तिथे दुसराच कोणी असेल. शिवाय डोंगल तापत जाते तसतसा हा आकडा बदलतो, म्हणून सुरू केल्यावर थोडा वेळ थांबून मगच दुरुस्तीचा आकडा भरावा. तापमान-भरपाई असलेल्या क्रिस्टलचे डोंगल 1 पीपीएमच्या आसपास राहते. 435 मेगाहर्ट्झवर तो फरक 435 हर्ट्झ होतो. शेजारच्या दोन पातळ्यांमधली निर्णयरेषा प्रत्येक पातळीपासून 648 हर्ट्झवर असते हे पाहता हा फरकही अगदीच किरकोळ नाही, पण डिकोडर मधली रेषा काही प्रमाणात स्वतः शोधत असल्यामुळे तो निभावून जातो.

आपण निवडलेला सिग्नल हौशी रेडिओचा आहे, तेव्हा आपल्याला उपदेश करण्याचे कारण नाही. हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी एवढेच नमूद करतो की कोणते प्रेषण ऐकणे कायदेशीर आहे याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि ऐकणे व ऐकलेले इतरांपर्यंत पोहोचवणे या दोन बाबी अनेक ठिकाणी कायद्याने वेगळ्या मानल्या जातात. गुप्तीकरण केलेला आवाज या साधनांनी उलगडत नाही आणि तो उलगडण्याच्या फंदात पडूही नये.


लहरवेध यांची पुढील माहिती

सर्वांच्या सविस्तर उत्तरांबद्दल आभार. दोन्ही तरंग शेजारी ठेवून पाहिल्यावर डेसिबल यांचे म्हणणे पटले. स्कॅनर उघडला तेव्हा आत टीए31136 सापडली, म्हणून डोंगलचा विचार तूर्त बाजूला ठेवून 10 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरडची जोडणी केली आणि ध्वनी सुधारण्याच्या सगळ्या सोयी बंद केल्या. ऑडॅसिटीत चार पातळ्या आता स्पष्ट दिसतात.

तरीही आवाज नाही. आधी तुकडे तरी येत होते, आता पूर्ण शांतता आहे. सिंक मात्र न चुकता मिळतो आणि त्याच्यापुढे जवळजवळ प्रत्येक वेळी ‘डेटा’ असे लिहून येते. रिपीटरवर त्या वेळी लोक बोलत असल्याची मला खात्री आहे, कारण माझ्या एका स्नेह्याने आपल्या डीएमआर हँडसेटवर ते संभाषण त्याच क्षणी ऐकले. कोणी बोलायला सुरुवात केली की अगदी सुरुवातीला ‘व्हॉइस’ हा शब्द चमकून जातो आणि नंतर पुन्हा ‘डेटा’ सुरू होते.


डेसिबल यांचे उत्तर

आपला सिग्नल आता उत्तम आहे, फक्त उलटा आहे. डिस्क्रिमिनेटरच्या निर्गमावर वारंवारता वाढली की व्होल्टेज वाढेल की घटेल हे त्या यंत्रातल्या मंडलावर अवलंबून असते, आणि काही साउंड कार्डेही आपल्या परीने तरंग उलटवतात. बहुतेक पद्धतींमध्ये सिंक शब्द उलटा आला की डिकोडरला तो उलटा असल्याचे लगेच कळते. डीएमआर इथे मोठी गंमत करते.

रिपीटरकडून येणाऱ्या आवाजाचा सिंक शब्द सोळाच्या पायावर 755एफडी7डीएफ75एफ7 असा आहे आणि डेटाचा डीएफएफ57डी75डीएफ5डी असा. तरंग उलटला की प्रत्येक सिंबलच्या दोन बिटांपैकी पहिला बिट बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. हा बदल पहिल्या शब्दावर करून पाहिला तर नेमका दुसरा शब्द मिळतो. 7 चा डी होतो, 5 चा एफ होतो, एफ चा 5 आणि डी चा 7. म्हणजे उलटा आलेला आवाज डिकोडरच्या दृष्टीने निर्दोष डेटा असतो आणि त्याला तक्रार करण्याचे कारणच उरत नाही.

आपण सांगितलेला सुरुवातीचा ‘व्हॉइस’ हाच याचा पुरावा आहे. डीएमआरमध्ये बोलणे सुरू होण्यापूर्वी, कोण कोणत्या गटाशी बोलत आहे हे सांगणारा शीर्षभाग पाठवला जातो आणि तो डेटाच्या सिंक शब्दानिशी येतो. आपल्याकडे तो उलटून आवाज म्हणून दिसतो, आणि त्यामागून आलेला खरा आवाज डेटा म्हणून. क्रम बरोबर उलटा लागला आहे.

अजून एक खूण मुद्रणात मोजून पाहता येईल. एका स्लॉटमधला (वाटून दिलेल्या वेळेच्या भागातला) खरा डेटा असेल तर त्याचा सिंक साधारणपणे दर 60 मिलिसेकंदांनी येतो. आवाजात मात्र सहा तुकड्यांचा एक संच असतो, त्यांतल्या पहिल्याच तुकड्यात सिंक असतो आणि उरलेल्या पाचांत त्या जागी इतर माहिती भरलेली असते, त्यामुळे सिंक 360 मिलिसेकंदांनी एकदाच भेटतो. आपल्याला ‘डेटा’ जर 360 मिलिसेकंदांच्या अंतराने दिसत असेल तर तो आवाजच आहे. हे मोजताना कोणीतरी बोलत असले पाहिजे, कारण बोलणे थांबल्यावरही रिपीटर काही काळ प्रेषण चालू ठेवतो आणि त्या वेळचा डेटा खराखुरा डेटा असतो.

उपाय सोपा आहे. डीएसडीमध्ये डीएमआरचा सिग्नल उलटा समजावा असा पर्याय आहे. तो चालू करावा. स्कॅनर पुन्हा उघडण्याची गरज नाही.


लहरवेध यांची पुढील माहिती

पर्याय बदलताच संभाषण सुरू झाले. अंतर मोजले, ते 360 मिलिसेकंदच निघाले. आवाज थोडा यंत्रासारखा वाटतो आणि पडद्यावर आवाजाच्या ओळीत अधूनमधून ‘बरोबर’ची (=) एक-दोन चिन्हे उमटतात. यावर आणखी काही करण्यासारखे आहे का?


जुनाखटाटोप यांचे उत्तर

ती चिन्हे म्हणजे दुरुस्त केलेल्या चुकांची मोजणी आहे. डीएमआरचा आवाज 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक तुकड्याच्या 72 बिटांपैकी 49 बिट आवाजाचे आणि उरलेले 23 बिट चुका शोधून दुरुस्त करण्यासाठी असतात, त्यामुळे एक-दोन चिन्हे दिसली तरी कानाला काहीही जाणवत नाही. चिन्हांची लांबच लांब रांग लागून शेवटी ‘आर’ हे अक्षर आले तर तो तुकडा टाकून देऊन मागचाच तुकडा पुन्हा वाजवला गेला असे समजावे. तसे वारंवार होऊ लागले तर इनपुटची पातळी थोडी कमी करून पाहावी, कारण शिखरे कापली गेली की बाहेरच्या आणि आतल्या पातळ्यांचे प्रमाण बिघडते. यंत्रासारखा वाटणारा आवाज मात्र बराचसा एमबीईलिब या सॉफ्टवेअर-व्होकोडरचा (बिटांपासून पुन्हा आवाज घडवणाऱ्या भागाचा) गुण आहे. हँडसेटमधल्या व्होकोडरइतका गोडवा त्यात येत नाही आणि जोडणी कितीही सुधारली तरी तो येणार नाही.


त्रिज्या यांचा उपप्रश्न

याच प्रकारची जोडणी माझ्या स्कॅनरवर आहे आणि डीएमआर निर्दोष चालते. पी25 या दुसऱ्या डिजिटल रेडिओ पद्धतीच्या एका जाळ्यावर मात्र, जिथे अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी तेच प्रेषण करतात, सिग्नल मीटर पूर्ण भरलेला असूनही आवाज सतत तुटतो. ध्रुवता (सिग्नल उलटा आहे की सुलटा) तपासली आहे, पातळीही तपासली आहे.


मोकळेवारे यांचे उत्तर

ही मर्यादा आपल्या जोडणीची नसून डिस्क्रिमिनेटरचीच आहे. अशा व्यवस्थेला सायमलकास्ट म्हणतात. दोन मनोऱ्यांपासूनच्या अंतरांत 30 किलोमीटरचा फरक असेल तर दुसरा सिग्नल सुमारे 100 मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो, आणि पी25 च्या पहिल्या टप्प्यात एक सिंबल अवघा 208 मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे एकाच सिंबलच्या अवधीत मागचा आणि चालू असे दोन सिंबल एकमेकांवर पडतात. दोन्हींची ताकद जवळपास सारखी असेल तर काही क्षणी ते एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात, आणि त्या क्षणी फेज झटक्यात बदलल्यामुळे डिस्क्रिमिनेटरमधून उंच काटे बाहेर पडतात. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्याला यातले काही दिसत नाही. त्यातच अशा अनेक जाळ्यांत प्रेषण साध्या सी4एफएमने (वारंवारतेच्या चार पातळ्यांच्या पद्धतीने) न करता रेषीय मॉड्युलेशनने केलेले असते. त्यात आयामालाही (तरंगाच्या उंचीलाही) अर्थ असतो आणि एफएम ग्रहणयंत्र तोच पहिल्यांदा टाकून देते.

म्हणून येथे आय आणि क्यू हे दोन्ही घटक, म्हणजेच सिग्नलचा आयाम आणि फेज, जपणारे साधन लागते. ओपी25 आणि एसडीआरट्रंक या सॉफ्टवेअरमध्ये अशा प्रेषणासाठी वेगळा डिमॉड्युलेटर निवडता येतो आणि साधे डोंगलही त्यासाठी चालते. तयार स्कॅनरच हवा असेल तर युनिडेनचा 2018 मध्ये आलेला एसडीएस100 याच तत्त्वावर बनलेला आहे. यांपैकी काहीही हाताशी नसेल तर दिशादर्शी अँटेना एकाच मनोऱ्याकडे वळवून पाहावी आणि ती फिरवताना मीटरऐवजी चुकांच्या चिन्हांवर लक्ष ठेवावे. सर्वांत कमी चुका ज्या दिशेला मिळतात तिथे मीटर बऱ्याचदा एक-दोन पट्ट्या खालीच असतो.